दिवा मालकाने धरायचा

किल्ली हरवली तरी कुलूप न फोडता दुसरी किल्ली करता येते. हे काम मला मॅट्रिकच्या आधीपासून येते, आणि कॉलेजच्या पहिल्या दीड वर्षात मी ते एकाही मुलाला कळू दिले नव्हते.

लाज वाटत होती असे कोणी म्हटले तर मी नाही म्हणणार नाही. पण लाजेपेक्षा भीती जास्त होती. मी वर्ध्याला मामांकडे राहतो. मामा बाजारात एका सायकलवाल्याच्या ओट्यावर बसून कुलपे दुरुस्त करतात आणि किल्ल्या करतात. गावात कुठे चोरी झाली आणि कुलूप न मोडता उघडलेले सापडले, की ठाण्यातून मामांना बोलावणे येते. मामा जातात, बाकावर बसतात, विचारतील तेवढे सांगतात आणि परत येऊन अर्धी राहिलेली किल्ली पुन्हा पकडीत घालतात. आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिलाच. आई-बाबा सिंदीजवळच्या खेड्यात असतात, बाबा कापसाच्या जिनात गाठी वाहतात. वर्गात कोणाचे पेन हरवले की मी उगाच खाली बघत असे. ज्याला कुलूप उघडता येते त्याच्याकडे लोक आधी बघतात, हे मी घरातच पाहिले होते.

त्या कामाविषयी थोडे सांगतो. बाकी लिहिताना मी अडखळतो, पण हे मला चांगले येते.

नमुन्याची किल्ली समोर असली की काम सोपे वाटते. नमुना आणि कोरी किल्ली एकाला एक लावून पकडीत आवळायच्या आणि नमुन्याच्या दातांबरहुकूम कोरी कानशीने घासत जायची. मी पहिल्यांदा केली ती एका म्हाताऱ्या मास्तरांच्या पेटीची किल्ली. इतकी हुबेहूब केली की दोन्ही हातात घेतल्या तर कोणती कोणाची ते कळत नव्हते. मास्तर घेऊन गेले आणि तासाभराने परत आले. किल्ली फिरतच नव्हती.

मामांनी दोन्ही किल्ल्या उजेडात धरल्या आणि हसायला लागले. म्हणाले, "अबे, हे चाबी म्हतारी झाली. वीस साल घासून घासून तिचे दात गेले. तू म्हतारीची नक्कल केली, मंग म्हतारीच पैदा होईन ना! इची जवानी कशी होती ते पाह्य."

जुनी किल्ली मास्तरांच्या हाताला सवयीची होती. ते नकळत ती जरा वर उचलून फिरवत, म्हणून ती चालत असे. माझ्या किल्लीत तिची सगळी झीज उतरली होती, वर माझ्या कानशीने खाल्लेला केसभर भाग. तेव्हापासून मी दात थोडे उंच ठेवतो आणि कुलपात लावून बघत बघत उतरवतो. मामा नुसती किल्ली घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवतात आणि कुलूप आणायला सांगतात, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण ठाण्याचे. नुसती किल्ली कोणाचीही उचलून आणता येते.

किल्लीच नसेल तेव्हा कुलपालाच विचारावे लागते. भोकातून आत जाईल अशी कोरी किल्ली घ्यायची. ती रॉकेलच्या चिमणीच्या ज्योतीवर धरून तिच्यावर काळी काजळी बसू द्यायची. मग कुलपात घालून हलक्या हाताने फिरवायची आणि अडली की थांबायचे. जोर करायचा नाही. बाहेर काढली की काळ्यावर बारीक चमकत्या खुणा दिसतात. कुलपाच्या आत पितळी पट्ट्या असतात, त्या जिथे टेकल्या तिथली काजळी पुसली गेलेली असते. त्या जागी कानशीचे दोन हात द्यायचे, पुन्हा काजळी धरायची, पुन्हा फिरवायचे. असे वीस वेळा, तीस वेळा. प्रत्येक पट्टीला आपापल्या उंचीपर्यंत उचलून हवे असते. कमी घासले तर पुन्हा घासता येते. जास्त घासले तर ती किल्ली फेकून दुसरी घ्यायची.

यात शिकायला वेळ लागतो तो खुणा ओळखायला. सगळ्याच खुणा पट्टीच्या नसतात. भोकाच्या कडेला घासून उमटलेली खूण लांबट आणि ठळक असते, नवख्याला तीच आधी दिसते. पट्टीची खूण आखूड असते, किल्ली जरा तिरपी केल्याशिवाय दिसतही नाही.

मामांचा या कामातला एक नियम आहे. किल्ली नसलेल्या कुलपाची किल्ली करताना चिमणी मालकाने स्वतः धरायची. मामा ती स्वतःजवळ ठेवत नाहीत आणि गिऱ्हाइकाने नोकराला पाठवले तर काम घेत नाहीत. दिवा धरायचा म्हणजे शेवटपर्यंत समोर बसावे लागते. किल्ली कोणासाठी झाली, किती झाल्या, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. मामांना हे कोणी शिकवले नाही. ठाण्यातल्या बाकावर बसून बसून त्यांनीच ते ठरवले.

आता आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायांविषयी सांगतो. आम्ही मुले त्यांना काका म्हणतो. चाळिशीचे, अंगात खाकी कोट, काचेची नळी कितीही तापलेली असो, दोन बोटांनी सहज उचलणारे. मी पहिल्या वर्षाला असताना ते एकदा ट्रंकेचे कुलूप घेऊन मामांकडे आले होते. मी ओट्यावर कानस चालवत बसलो होतो. त्यांनी मला पाहिले, मी त्यांना पाहिले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. तास संपून मुले गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुह्या चाबीनं ट्रंक गुमान उघडते बरं. मी कोनाले सांगत नाई." आणि त्यांनी खरोखरच कोणाला सांगितले नाही.

मी इंटरला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला असताना, प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात, सोमवारी दुपारी त्यांनी मला व्हरांड्यात गाठले.

"ऐक ना बाबू. मोठ्या कपाटाची चाबी गेली."

"कुठं गेली काका?"

"धाम नदीमंदी गेली असन. काल पवनारले गेलतो आंघोळीले. करदोड्याले बांधेल होती. घरी येऊन पाह्यतो तं गाठ हाये, चाबी नाई."

मोठे कपाट सागवानी होते आणि त्याचे विलायती कुलूप दाराच्या आतच बसवलेले होते. रसायनाच्या तराजूंची सगळी वजने त्यात असत. वजनांशिवाय परीक्षा होणे शक्य नव्हते, आणि परीक्षा गुरुवारी होती.

"सरांना सांगितलं?"

"कसं सांगू? चार सालापासून टेम्परवारी हाओ मी. आता कुठं सरांनं माह्या कायमीचा कागद वर धाडाले काढला. 'चाबी हारपवली' असा शेरा पडला तं कागद तिथंच बसला." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "तूच करून दे ना. दुपारी इथं कोनी नसते. घंट्या दीड घंट्याचं काम. चुपचाप होऊन जाईन."

मी लगेच हो म्हणालो. या माणसाने माझी गोष्ट दीड वर्ष पोटात ठेवली होती, त्याला नाही कसे म्हणणार? त्या संध्याकाळी मी मामांकडे विलायती कुलपाच्या कोऱ्या किल्ल्या मागितल्या.

"कपाट कोनाचं?" मामांनी विचारले.

"कॉलेजचं."

"कॉलेज काय दिवा धरून बसनार हाये तुह्यापुढं? मानूस कोन?"

"काका आहेत ना. त्यांच्याच ताब्यात असतं कपाट."

"तो राखनदार हाये. मालक नाई." मामा पुन्हा कामाला लागले. "घेऊन ये त्याले इथं."

मंगळवारी काका ओट्यावर आले. मामांनी चहा मागवला आणि आधी साहेबाला सांगा म्हणाले. काकांनी कप हातात घेतला, पण पिईनात.

"भाऊ, तुमी तं मले फाशीच देऊन राह्यले. चाबी करून द्याले काय जाते तुमचं?"

"फाशीपासून वाचवून राह्यलो," मामा म्हणाले. "ऐका. आज चाबी गुपचूप केली. उद्या कपाटातलं येक वजन सापडून नाई राह्यलं. साहेब इचारन, उघडलं कोनं? तुमी म्हनसान, मी नाई उघडलं, माही चाबी तं नदीत गेली. मंग कपाट कोन्या चाबीनं चालून राह्यलं? दुसऱ्या. ते कोनं केली? या पोट्ट्यानं. झालं! तुमची नोकरी गेली अन् याचं कॉलेज गेलं."

"अन् सांगतलं तं?"

"बोलनी बसन. कागदही अडन कदाचित, नाई कोन म्हनते? पन चोर तं कोनी म्हननार नाई."

काकांनी थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला आणि उठून गेले. मला मामांचा राग आला होता. नियम बाजारातल्या गिऱ्हाइकांसाठी ठीक होता, पण इथे एका माणसाची चार वर्षांचे वाट पाहणे पणाला लागले होते. मी तसे बोललोही. मामा म्हणाले, "तू शिकेल हायेस म्हनून तुले दयाच पयले दिसून राह्यली. मले ठानं पयले दिसते. पेटीतून दोन कोऱ्या चाब्या घे अन् सकाळी जाय. पन दिवा साहेबाच्या हातात."

बुधवारी सकाळी काका प्रयोगशाळेच्या दारातच उभे होते. रात्रभर झोपले नसावेत.

"चाल," ते म्हणाले. "पन पयले तू बोल. माह्या तोंडून निंघनार नाई."

"तुम्ही बोला काका, मी तुमच्या मागून बोलतो."

असे आम्ही दोघे एकमेकांना पुढे ढकलत होतो, तेवढ्यात आतून सरांचाच आवाज आला. "दारात कोण कुजबुजते आहे?"

आत गेल्यावर काकांनी सगळे एका दमात सांगून टाकले. पवनार, आंघोळ, गाठ, सगळे. सर आमचे रसायनाचे प्राध्यापक, कमी बोलणारे, घड्याळाला धरून चालणारे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले.

"दुसरी किल्ली?"

"ते माह्या पयलेच्या शिपायापासूनच नाई, सर."

"हं. उद्या सकाळी नागपूरहून परीक्षक येणार. सुताराला बोलवा, दार काढू या. आणि मला हे लिहून कळवावे लागेल." शेवटचे वाक्य ते काकांकडे न बघता बोलले. मला वाटते त्यांनाही ते बोलणे जड गेले.

शब्द जुळवून ठेवले होते ते सगळे विसरलो. म्हणालो, "सर, दार काढायला नको. मला किल्ली करता येते."

सरांनी चष्मा वर केला. "तुला? तू कुठे शिकलास?"

"मामांकडे. बाजारात सायकलच्या दुकानाच्या ओट्यावर बसतात ते माझे मामा."

हे वाक्य कॉलेजच्या भिंतीआड मी पहिल्यांदाच बोललो. सर म्हणाले, "ते होय? माझ्या सायकलीचे कुलूप त्यांनीच नीट केले आहे. चांगले चालते."

इतकेच. दीड वर्ष मी ज्याला भीत होतो ते इतकेच होते.

"पण सर, दिवा तुम्हाला धरावा लागेल," मी म्हणालो आणि मामांचा नियम सांगितला.

"मी? मी कुठे या कपाटाचा मालक?"

मागून काका म्हणाले, "ज्याची सई चालते तो मालक, सर." सर हसले आणि कोटाच्या बाह्या वर सारून कपाटासमोर स्टूल ओढून बसले.

पहिली फजिती लगेच झाली. मी टेबलावरचा स्पिरिटचा दिवा पेटवून सरांच्या हातात दिला आणि कोरी किल्ली ज्योतीवर धरली. धरून राहिलो. किल्ली तापून बोट भाजले, पण ती काळी काही होईना. सर माझ्याकडे बघत होते, मी किल्लीकडे बघत होतो.

"इंटरला आहेस ना तू?" शेवटी सर म्हणाले. "स्पिरिटची ज्योत काजळी धरते का?"

ओट्यावर मी हजार वेळा चिमणी वापरली होती आणि वर्गात स्पिरिटच्या ज्योतीवर दोन पाने लिहिली होती. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असून एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. काका तोपर्यंत दाराबाहेर पडले होते. कॉलेजच्या मागे त्यांची खोली होती, तिथून ते रॉकेलची चिमणी घेऊन आले आणि म्हणाले, "घ्या. येवढं साइन्स हाये इथं, पन काजळी माह्या घरून आनावी लागते."

मग काम सुरू झाले. काजळी, फिरवणे, खूण, कानस. सुरुवातीला हात सावकाश चालत होते. पाचसहा वेळा झाल्यावर ते आपोआप चालायला लागले. सर आधी नुसते दिवा धरून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून भिंग काढले. त्यांना यात गोडी वाटायला लागली होती. आत पट्ट्या किती, त्या कशाने खाली दाबल्या जातात, हे ते विचारत आणि मी सांगत असे. आत चार पट्ट्या असाव्यात हे मी खुणांवरून सांगितले तेव्हा त्यांनी भिंगातून मोजून मान हलवली.

पहिली आणि चौथी पट्टी जुळत आली होती. तेवढ्यात सर भिंग लावून म्हणाले, "हे बघ, इथे केवढी स्वच्छ खूण आहे. दुसऱ्या पायरीवर, दुसऱ्या पट्टीखालच्या दातावर. इथे घास."

ती खूण लांबट होती. भोकाच्या कडेची. मला ते दिसताक्षणी कळले होते. ओट्यावर कोणी गिऱ्हाइकाने असे बोट दाखवले असते तर मी मान वर न करता म्हटले असते, नाही, ती नव्हे. पण समोर सर होते. मला वाटले, भिंगातून त्यांना जास्त दिसत असेल. मला वाटले, त्यांनी इतकी पुस्तके वाचली आहेत. खरे सांगायचे तर मला काहीच वाटले नाही, तोंडातून "हो सर" निघाले आणि कानस चालली. आमच्यासारख्या घरातला मुलगा सरांच्या बोटाला नाही म्हणायला शिकलेलाच नसतो.

पुढच्या वेळी किल्ली फिरवली तेव्हा दुसऱ्या पट्टीची खूणच उमटली नाही. किल्ली तिथे इतकी खाली गेली होती की पट्टीला ती पोचतच नव्हती.

"काय झाले?" सरांनी विचारले.

"ही किल्ली गेली, सर."

"म्हणजे मी सांगितलेले चुकले?"

मी ती बाजूला ठेवली. माझ्याजवळ आता एकच कोरी किल्ली उरली होती. ती मी पकडीत आवळली, आणि पुन्हा सरांचा हात भिंगाकडे जाताना दिसला. त्या क्षणी मी जे बोललो ते मी पाठ केलेले नव्हते.

"सर, खुणा मला ठरवू द्या. खोटी खूण कोणती ते मला ओळखता येते. मघाशीही ओळखली होती, मी बोललो नाही. ती चूक माझी आहे."

सरांनी भिंगाची घडी घालून ते खिशात ठेवले. "मघाशीच बोलायचे होतेस," ते म्हणाले, रागाने नाही. "बरे. मी दिवा धरतो."

दुसरी किल्ली करायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मला एकदाही शंका आली नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. कॉलेजात मला सतत वाटते की मी कुठेतरी चुकीच्या जागी बसलो आहे. त्या पाऊण तासात तसे वाटले नाही. पहिली पट्टी उचलली गेली, मग चौथी. तिसऱ्या पट्टीला फारच कमी उंची हवी होती, तिच्यासाठी बरेच घासावे लागले. दुसरीला जास्त हवी होती, तिथे फक्त तीन हात लागले. मग एकदा किल्ली फिरवली तेव्हा ती अडली नाही. आतली जीभ मागे सरकल्याचा आवाज आला आणि सागवानी दार जरासे पुढे आले.

काकांनी आधी वजनांच्या पेट्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. "सगळ्या हायेत सर. येकही कमी नाई."

सरांनी स्वतः मोजल्या. मग रुमालाने बोटांची काजळी पुसत ते म्हणाले, "काम उत्तम झाले. पण मला कळवणे भाग आहे. जुनी किल्ली नदीत गेली की बसमध्ये पडली, कोणाला ठाऊक? उद्या ती कोणाच्या हातात असेल तर हे कपाट उघडेच आहे म्हणायचे. ज्याच्या ताब्यातून ती गेली त्याचे नाव मला लिहावेच लागेल."

काकांनी मान खाली घातली. सर अन्याय करत नव्हते, हे त्यांनाही कळत होते. मलाही कळत होते. आणि त्याच वेळी मला असेही कळले की सर जे बोलत आहेत त्यावर आमच्या धंद्यात उपाय आहे.

"सर, ती किल्ली मेली असे करता येते."

"म्हणजे?"

मी सांगितले. दार आता उघडे होते, कुलपाचे चार स्क्रू आतून दिसत होते. कुलूप बाहेर काढून त्याचे झाकण उघडायचे. दुसरी आणि तिसरी पट्टी एकमेकींच्या जागी ठेवायच्या. एकीला उंच उचलावे लागते, दुसरीला कमी. जागा बदलल्या की जुन्या किल्लीच्या पायऱ्या चुकीच्या पट्ट्यांखाली येतात आणि ती फिरत नाही. मग नव्या मांडणीची नवी किल्ली करायची. "मग ती धाममध्ये असो नाहीतर कोणाच्या खिशात असो, ह्या कपाटाला तिचा उपयोग नाही."

सर काही बोलायच्या आत काका म्हणाले, "कोरी चाबी आनू का?" आणि माझे उत्तर न ऐकता सरांची सायकल मागून निघून गेले.

ते परतले तेव्हा मागच्या कॅरियरवर मामा होते. मामांनी कॉलेजचे फाटक आयुष्यात कधी ओलांडले नव्हते. ते दाराशी चपला काढायला लागले. सर म्हणाले, "असू द्या, या." मामांनी तरी काढल्याच. आधी त्यांनी माझी केलेली किल्ली उजेडात धरली, मग वाया गेलेली.

"हे दुसऱ्या पायरीवर कोनं घासलं असं?"

मी सरांकडे बघितले नाही. सर म्हणाले, "माझ्या सांगण्यावरून घासले."

"मंग चूक याचीच," मामा म्हणाले. "गिऱ्हाइक तं बोलतेच. कारागिरानं ऐकाचं नसते." आणि मग आपण कोणाला गिऱ्हाईक म्हणालो हे लक्षात येऊन ते एकदम चूप झाले. सर मात्र मोठ्याने हसले.

कुलूप मीच उघडले. मामा बाजूला बसून राहिले, त्यांनी हात लावला नाही. पट्ट्यांच्या जागा बदलल्या, जुना घट्ट झालेला तेलाचा राप पुसला, झाकण लावले. मग सकाळी केलेली किल्ली सरांच्या हातात दिली. "फिरवून बघा, सर."

सरांनी फिरवली. अडली. जरा जोर लावून पाहिला, तरी अडली. त्यांनी ती काकांकडे दिली. काकांनी फिरवून पाहिली, आणि किल्ली फिरत नाही म्हणून आनंदलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला.

नव्या मांडणीच्या दोन किल्ल्या झाल्या तेव्हा दुपार कलली होती. त्यासाठी काजळी लागली नाही, कुलूप समोर उघडे होते. तरी चिमणी विझवायला सर तयार नव्हते. काम संपेपर्यंत ती त्यांनी पेटती धरली होती. मामांनी सकाळची चालत नसलेली आणि वाया गेलेली, अशा दोन्ही किल्ल्यांचे सरांच्या देखत छिन्नीने दोन दोन तुकडे केले.

सरांनी रजिस्टर काढले आणि इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर रजिस्टर उघडेच ठेवून ते हात धुवायला गेले. काकांना इंग्रजी येत नाही. त्यांनी मला खूण केली.

"काय लिहिलं रे?"

मी हळू आवाजात मराठी करून सांगितले. कपाटाची किल्ली हरवल्याचे शिपायाने स्वतः येऊन सांगितले. त्याच दिवशी माझ्यासमोर कुलूप बदलून घेतले. हरवलेली किल्ली आता चालत नाही. नव्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक शिपायाकडे.

"'स्वतः येऊन' असं हाये?"

"हो काका."

"अन् 'शिपायाकडे' म्हंजे माह्याकडे?"

"तुमच्याकडेच."

त्यांनी मामांकडे बघितले. मामा चपला पायात घालण्यात गुंतले होते. काकांनी कोटाची गुंडी काढून करदोड्याची जुनी झिजलेली दोरी ओढली आणि तोडून टाकली. मग खिशातून नवा सुतळीचा तुकडा काढला. सायकलवर मामांना आणायला गेले तेव्हाच तो त्यांनी बाजारातून घेतला असावा. किल्ली त्यात ओवली आणि एकावर एक तीन गाठी मारल्या. मला म्हणाले, "ओढून पाह्य." मी ओढून पाहिली. पक्की होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरचे परीक्षक आले. मी तिसऱ्या टेबलावर उभा होतो, मिठाची पुडी माझ्यासमोर होती. परीक्षक म्हणाले, "वजने द्या." काका पुढे झाले, सुतळी वर ओढली, कपाट उघडले आणि प्रत्येक टेबलावर एक एक पेटी ठेवत आले. माझ्या टेबलाशी ते थांबले नाहीत, माझ्याकडे बघितलेही नाही. सरांनी काकांचा कागद त्याच आठवड्यात वर धाडला, त्यात रजिस्टरातल्या चार ओळींची नक्कल जोडली होती. पावसाळ्यात कॉलेज पुन्हा उघडले तेव्हा काका कायम झाले होते.